जुनी कॉन्टेसा घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांची १९९४ ची कॉन्टेसा मोटार पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या सोसायटीत गुलमोहराखाली नऊ वर्षं उभी होती. ती पुन्हा धावती करायला मला तीन वर्षं लागली, बहुतेक सगळे शनिवार-रविवार. मी पेशाने अकाउंटंट. पाना कसा धरायचा इथपासून शिकले आणि प्रत्येक रुपयाची नोंद वहीत ठेवली. घरात जुनी गाडी पडून असलेले लोक आता भेटले की तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे देते आहे. उदाहरणं कॉन्टेसाची असली तरी पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडर असेल तरी बरंचसं लागू पडेल.

कॉन्टेसाला मसल कार म्हणायचं का?

अमेरिकेत मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या दोन दारांच्या गाडीत बसवलेलं भलंमोठं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. १९६४ ची पाँटियाक जीटीओ ही त्या जातीची पहिली गाडी मानतात. त्या मापाने कॉन्टेसा बसत नाही. तिला दारं चार आणि सिलिंडरही चारच. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती आणली तेव्हा बॉनेटखाली ॲम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं. एवढ्या मोठ्या देहाला ते पुरायचं नाही. पुढे जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा गाडीत जीव आला. नंतर डिझेलही आलं आणि २००२ मध्ये उत्पादन थांबलं.

पण लांबलचक बॉनेट, रुंद बसका बांधा आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे आपल्याकडे लोक तिलाच मसल कार म्हणतात. तिचा बांधा ब्रिटनच्या व्हॉक्सॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीवरून घेतलेला आहे, त्यामुळे दिसायला ती खरोखरच वेगळ्या घराण्यातली वाटते. मला विचाराल तर नावावरून वाद नको. आपल्या रस्त्यांवर त्या थाटाची, मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातली दुसरी गाडी झालीच नाही.

एकूण खर्च किती येतो?

माझ्या वहीतला आकडा ३ लाख ८२ हजार. गाडी घरचीच असल्याने तिची किंमत यात नाही. त्यातले १ लाख ४० हजार पत्रा आणि रंगात गेले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. इंजिनाला ७५ हजार लागले. लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो: इंजिन महाग आणि रंग स्वस्त. उलट इंजिनाचं काम ठरावीक असतं. किती बोअर (सिलिंडर आतून कापून किती मोठा करायचा), कोणते रिंग, कोणते बेअरिंग हे आधी सांगता येतं. पत्र्याचं तसं नाही. उघडेपर्यंत कळत नाही आणि उघडलं की वाढत जातं.

२८ हजार हत्यारांत गेले. हा खर्च मला अजिबात टोचला नाही. जॅक स्टँडची जोडी, टॉर्क पाना, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, चांगला सॉकेट सेट. या गोष्टींमुळेच मजुरी वाचली. स्वस्तातले पाने घेऊ नका. बोल्टचं डोकं गोल झालं की शंभर रुपयांची बचत अर्ध्या दिवसाला पडते.

एक सवय मात्र लावून घ्या. जे काम सुरू आहे त्याच कामाचे पार्ट घ्यायचे. मी सुरुवातीला हौसेने सीटचं कापड घेऊन ठेवलं आणि ते दोन पावसाळे कपाटात पडून राहिलं. तेच पैसे त्या वेळी ब्रेकला हवे होते.

गाडी विकत घ्यायची असेल तर आधी काय बघू?

कागद. मग पत्रा. मग बाकीचं.

आरसी बुकवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. अक्षर न् अक्षर, टॉर्च मारून. बुकवरचा मालक हयात आहे का, सही द्यायला तयार आहे का, बँकेचा बोजा उतरलेला आहे का, हे व्यवहाराआधी कळायला हवं. नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि ३०, मालक वारले असतील तर वारसांकडून फॉर्म ३१, गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८. बाबांच्या पश्चात मी फॉर्म ३१ भरला. भाऊ आणि आई दोघांचं संमतिपत्र लागलं. विक्रेता ‘बुक हरवलंय, पण काढून देतो’ म्हणाला तर आधी काढून द्या म्हणावं, इसार नंतर.

पत्र्यासाठी फ्रिजवरचं साधं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीवर, दाराखालच्या पट्टीवर ते लावत जा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. मग आतलं कार्पेट उचला. विक्रेत्याला आवडत नाही, पण उचलाच. कार्पेटखालचा फोम ओला किंवा तपकिरी असेल तर फ्लोअर गेलेला आहे. डिकीत स्टेपनीखाली आणि बॅटरीच्या ट्रेखालीही हात फिरवा.

सुरू होत नाही म्हणून गाडी सोडू नका. सुरू होते म्हणून घेऊही नका.

पंधरा वर्षांवरच्या गाडीवर पुण्यात बंदी आहे ना?

नाही. वयावरून बंदीचा नियम दिल्ली परिसरातला आहे: डिझेलला दहा वर्षं, पेट्रोलला पंधरा, आणि तिथेही आता तो सरसकट राहिलेला नाही. पुण्यात खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करावं लागतं. फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, विमा आणि पीयूसी चालू ठेवायचे आणि गाडी तपासणीला न्यायची. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे. मी केलं तेव्हा ५,००० होतं. मुदत उलटून गेली असेल तर उशिराचा दंड वेगळा. नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते, कारण ती १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे.

नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, चाचणीसाठीसुद्धा नाही. तपासणीला किंवा गॅरेजला टोइंगवर न्या.

आणि हो, व्हिंटेज नोंदणी आपल्याला नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे. पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही पन्नास पुरी व्हायला २०३४ उजाडेल.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करता येतं का?

येतं, पण लोकांना धरून. मी आधी सेक्रेटरींना भेटले आणि तीन गोष्टी कबूल केल्या: दुपारी दोन ते चार ठोकाठोक नाही, फरशीवर तेल सांडणार नाही, रंगाची फवारणी इथे होणार नाही. जुन्या प्लायवूडवर पत्र्याचा ट्रे ठेवून काम केलं. तीन वर्षांत तक्रार एकदाच आली, पॉलिश पेपरच्या धुळीची, आणि ती रास्त होती. त्यानंतर घासायचं सगळं काम पाणी लावून केलं.

जॅक कुठे लावता याकडे मात्र नीट लक्ष द्या. पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर जॅक हळूहळू कलतो. खाली जाड लाकडी फळी घाला. गाडीखाली जायचं तर जॅक स्टँडवरच. विटांवर नाही, दगडावर नाही, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (अडवायचे ठोकळे) लावा आणि घरात कुणाला तरी सांगून खाली जा.

सुरुवात कुठून करू? इंजिन की बॉडी?

ब्रेक. गाडी सुरू व्हायच्या आधी ती थांबायला हवी.

यात माझा अगदी ठाम आग्रह आहे. इंजिन सुरू झालं की घरातल्या कुणालाही राहवत नाही. ‘जरा गेटपर्यंत नेऊ’ म्हणतात. पार्किंगच्या उतारावर नऊ वर्षं बंद असलेले ब्रेक घेऊन गेटपर्यंत जाणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम निघायलाच दोन शनिवार गेले. हातोडीने ठोकायचं नाही, ओतीव लोखंड तडकतं. गंज सैल करणारं तेल मारायचं, कडेने लाकडाच्या ठोकळ्यावरून हलके टोले द्यायचे, परत तेल, परत टोले. निघाला तेव्हा आतून मऊ काळी धूळ पडली. ती फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधायची. व्हील सिलिंडरचं (चाकापाशी ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचललं तर आत तपकिरी चिखल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पाडतं. बोटाने चाचपलं तर नखाला ते खड्डे लागत होते. अशा वेळी नुसतं किट (आतल्या रबरांचा संच) बदलून भागत नाही. नवं रबर त्या खड्ड्यांवर घासून सहा महिन्यांत पुन्हा गळतं. सिलिंडरच बदलला. ब्रेकचे सगळे रबरी होज, मास्टर सिलिंडरचं किट, जिथे गंज होता तिथली लोखंडी नळी, सगळं नवं. शेवटी ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे नळ्यांतली हवा काढताना, मुलगा पेडल दाबायला बसला आणि मी खाली नळीतून बुडबुडे संपेपर्यंत बघत राहिले. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

खोलायला सुरुवात करताना आणखी एक करा. सुटणारा प्रत्येक नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख, आणि खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो. दोन वर्षांनी तो बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन कसं सुरू करायचं?

घाई न करता. बॅटरी लावून सेल्फ मारून बघण्याचा मोह पहिल्या दिवशी आवरा. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंग गंजून चिकटलेल्या असल्या तर त्या एका झटक्यात तुटतात आणि भिंतीवर ओरखडे पाडतात.

आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ तेल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघा. जोर लावायचा नाही, नुसतं चाचपायचं. फिरत नसेल तर अजून तेल, अजून दिवस. आमचं पाचव्या दिवशी हललं. पाना माझ्या हातात होता आणि आधी वाटलं की पानाच घसरला. पुलीवर खडूची खूण केली होती, ती बोटभर सरकलेली दिसली.

फिरायला लागलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला, कूलंट भरून होज गळतात का बघा, पट्टा बदला. टाकीतलं पेट्रोल काढून टाका. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि ते कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसवतं. टाकी साफ होईपर्यंत ताजं पेट्रोल वेगळ्या छोट्या कॅनमधून द्या. तो कॅन इंजिनापासून लांब, नीट बांधून ठेवा. आता प्लग न लावता सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोहोचलं. मगच प्लग लावा. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा, घरात नव्हे.

इंजिन पूर्ण खोलायचं का?

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेजने मोजून ठरवा, आवाजावरून नाही. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा आणि चारही आकडे लिहून ठेवा. आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिनाला हात लावू नका, ते पैसे पत्र्याला ठेवा. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगमध्ये किंवा बोअरमध्ये आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हमध्ये. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोष हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखालच्या (हेडखालच्या) पॅकिंगमध्ये.

माझं हेड उतरवावं लागलं आणि मग बोअरही करावा लागला. हे लेथवाल्याचं काम. भोसरी-पिंपरी पट्ट्यात मशीनिंगची चांगली दुकानं आहेत आणि जुनं इंजिन बघून तिथल्या कारागिरांचा उत्साह वाढतो. एक पथ्य पाळा: पिस्टन आधी हातात घ्या, मग बोअर करायला द्या. बोअर करून ठेवला आणि त्या साइजचा पिस्टनच मिळाला नाही, अशी इंजिनं मी पाहिली आहेत. लेथवाल्यानेही पिस्टन मोजूनच बोअर करायला हवा.

पार्ट मिळतात का? कुठे?

यांत्रिक पार्ट मिळतात, बॉडीचे पार्ट रडवतात.

कॉन्टेसाची यंत्रं ॲम्बॅसिडरच्या घरातली आहेत, हे आपलं नशीब. जुनं १४८९ सीसीचं इंजिन तर ॲम्बॅसिडरचंच, आणि इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन ॲम्बॅसिडरलाही नव्वदच्या दशकात बसलं. ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळे ‘कॉन्टेसाचं गॅस्केट आहे का?’ असं विचारलं तर दुकानदार मान हलवतो, ‘ॲम्बॅसिडर इसुझूचं’ म्हटलं की माळ्यावरून काढून देतो.

पहिली फेरी नाना पेठेत. जुना पार्ट धुऊन, पिशवीत घालून सोबत न्या. फोटो दाखवून काम होत नाही. सील आणि बेअरिंग तर नावाने मागूच नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, सीलवर आतलं-बाहेरचं माप असतं, त्यावरून औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात तेच स्वस्तात मिळतं. नट-बोल्ट, पॉलिश पेपर, हत्यारं बोहरी आळीत. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशिबाची गोष्ट आहे. तिथे मला आतल्या दाराचं हँडल आणि एक सुस्थितीतला जॅक मिळाला. पण ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा कोणताही भाग तिथून घेऊ नये.

काच, टेललाइट, बंपर, रबर बीडिंग यांसाठी भंगारात निघालेली दुसरी कॉन्टेसा शोधणं हाच खरा मार्ग. चार जणांनी मिळून अशी एक गाडी घेतली तर सगळ्यांचं भागतं. बीडिंग अगदीच मिळालं नाही तर जुन्याचा तुकडा दाखवून त्याच छेदाचं दुसऱ्या गाडीचं जुळवता येतं.

आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का?

चालवता येतं, तयारी करून. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा भेगा पाडतं, त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला. पाइपवर जे-३० आर-९ असा शिक्का असतो. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि कार्ब्युरेटरचं किट बदला. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर गाडी बंद ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. टाकीतला जुना गंजही ते सुटा करतं. पारदर्शक फिल्टर लावला की तपकिरी कण दिसतात. पहिल्या दोन महिन्यांत मी तीन फिल्टर बदलले. मिश्रण थोडं पातळ पडतं (हवेच्या मानाने इंधन कमी), तेव्हा जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं बारीक भोक, एक माप मोठं लागू शकतं. प्लगचा रंग बघून ठरवा.

गंजलेल्या पत्र्याचं काय करायचं?

कापायचा. यावर दुसरं औषध नाही. वरवरचा लालसरपणा तारेच्या ब्रशने घासून फॉस्फरिक ॲसिडच्या द्रावणाने थांबतो, पण स्क्रू ड्रायव्हर टेकवल्यावर आत जाणारा पत्रा मेलेला असतो. त्यावर पुट्टी, फायबरची चटई किंवा डांबर लावून देणारे बरेच भेटतील. दिसायला छान दिसतं आणि दोन पावसाळ्यांत फोड वर येतात. डांबराखाली तर पाणी कोंडून गंज जोरात वाढतो.

आधी पाणी कुठून आलं ते शोधा. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर चाळणी झाला होता आणि छतात, दारात कुठेही गळती नव्हती. वायपरखालच्या जाळीत हात घातला तेव्हा उलगडा झाला. गुलमोहराची पानं केवढी बारीक असतात! नऊ वर्षांची ती पानं जाळीतून आत पडून, कुजून, चहाच्या चोथ्यासारखी घट्ट बसली होती. पाणी बाहेर जायची दोन्ही भोकं बंद. प्रत्येक पावसाचं पाणी तिथे साचून आतल्या शिवणीतून कार्पेटखाली उतरत होतं. मूठ मूठ करत जवळजवळ अर्धी बादली निघाली. ही भोकं मोकळी केली नसती तर नवा फ्लोअरही तसाच गेला असता. झाडाखाली उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची ती जाळी आज, आत्ता, साफ करा. गाडी नवी असली तरी.

दुसरं ध्यानात घ्यायचं ते असं की कॉन्टेसाला ॲम्बॅसिडरप्रमाणेच वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालची पट्टी ही शोभेची गोष्ट नसून गाडीचा कणा आहे. ती कापताना गाडीला मधून नीट आधार हवा आणि दोन्ही पट्ट्या एकदम कापायच्या नाहीत. कापण्याआधी दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. वेल्डिंगनंतर त्या तशाच आल्या पाहिजेत. नाहीतर दार लागत नाही आणि मग कशानेच लागत नाही.

वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. पत्र्याच्या कारागिराला घरी बोलावलं, सीओटू वेल्डिंगचं मशीन घेऊन. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. फ्लोअरला १८ गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरच्या भागाला २०. सलग रेघ न ओढता एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि टाकी उतरवून लांब ठेवा. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग कधीही करायचं नाही, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. कापणं, घासणं, प्रायमर, सांधे सीलरने भरणं, पट्टीच्या पोकळीत मेण फवारणं हे सगळं माझं. त्यामुळे कारागिराचे दिवस निम्म्यावर आले.

रंग घरी मारू का?

तयारी घरी, फवारणी बाहेर. सध्याच्या टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो आणि साधा कापडी मास्क काहीही अडवत नाही. सोसायटीत, मुलंबाळं खेळतात तिथे, हे करायचं नाही. पण रंगाच्या बिलातला मोठा वाटा घासण्याच्या मजुरीचा असतो आणि ते काम तुम्ही करू शकता. पुट्टी पातळ ठेवा, प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारा आणि ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासा. जिथे काळं राहतं तिथे खड्डा आहे. हाताच्या तळव्याला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. डोळे मिटून हात फिरवून बघा.

जून ते सप्टेंबर रंगाचं नाव काढू नका. दमट हवेत चमक धुरकट होते. उघडा प्रायमरही पावसात ठेवू नका, तो पाणी पितो. आमचा रंग जानेवारीत झाला. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. मी बाबांचाच पांढरा ठेवला.

वायरिंग?

तीस वर्षांची वायर वाकवली की आवरण तडकतं, म्हणून पूर्ण हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) बदला. वायर, टर्मिनल, रिले, फ्यूज बॉक्स सगळं तपकीर गल्लीत मिळतं. हेडलाइटला रिले लावा, म्हणजे सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून जाणार नाही. आणि दिवे मंद, सेल्फ सुस्त असं काहीही असलं तर आधी बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. निम्मे आजार तिथेच असतात.

मोठं, आधुनिक इंजिन टाकलं तर?

लोक टाकतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर रिपासिंग अडतं आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही. शिवाय ब्रेक, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल सगळंच त्या ताकदीचं करावं लागतं, म्हणजे कमी खर्चाचा विषय संपला. मूळ इंजिन नीट बांधलं तर ही गाडी मुंबई-पुणे आरामात जाते.

मिस्त्रींशी व्यवहार कसा ठेवावा?

इंजिनाचं आणि रंगाचं काम उक्तं द्या, पत्र्याचं रोजावर. पत्रा किती निघेल हे कारागिरालाही माहीत नसतं. उक्तं घेतलं तर तो झाकणार, त्यात त्याचा दोष नाही. काय काय बदलायचं ते दोघांनी मिळून कागदावर लिहा, जुने पार्ट परत मागा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. एका गॅरेजने माझा कार्ब्युरेटर पाच महिने ठेवून घेतला आणि परत देताना त्यातले दोन जेट वेगळेच होते. त्यानंतर पार्ट देताना मी त्यांचे फोटो काढून त्यांच्यासमोर नोंद करते.

आमच्या ज्येष्ठ मिस्त्रीकाकांनी ॲम्बॅसिडरवर उभं आयुष्य काढलं आहे. इंजिनाचं टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडायची ते) ते कानाने लावतात. अशा माणसांना घाईत बोलावू नका. चहा होऊ द्या, त्यांना गाडीभोवती एक चक्कर मारू द्या, मग विचारा. त्या चक्करीत त्यांनी मागच्या स्प्रिंगची बैठक तडकलेली दाखवली होती, जी मला दोन वर्षांत दिसली नव्हती.

पहिली फेरी कुठे आणि किती?

नोंदणी, विमा, पीयूसी हातात आल्यावर, रविवारी पहाटे, दहा-पंधरा किलोमीटर. घाट नको. कात्रज किंवा खंबाटकी हा कूलिंगचा आणि ब्रेकचा खरा पेपर आहे, तो दोनेकशे किलोमीटर झाल्यावर. सोबत पाणी, टूल किट, फ्यूज, पट्टा, अग्निशामक आणि मागून दुसरी गाडी. परत आल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

आम्ही खडकवासल्याला गेलो. आई पुढे बसली होती आणि बाबांसारखीच काच अर्धी खाली करून हात बाहेर ठेवला होता. धरणापाशी थांबून मी चारही चाकांजवळ हाताचा मागचा भाग नेऊन बघितला. तीन सारखीच कोमट होती, मागचं डावं जास्त गरम. घरी येऊन तो ड्रम पुन्हा उतरवला आणि ब्रेक शू जरासे सैल केले.